नवलभाऊचा फॉर्म

जळगावच्या एमआयडीसीत गिरणाई पाइप्स नावाची कंपनी आहे. तिथले कामगार मॅनेजरचं ऐकत नाहीत, युनियनचं ऐकत नाहीत, घरी बायकोचं ऐकतात की नाही ते ज्याचं त्याला ठाऊक. पण कराचा फॉर्म आला की सगळे स्टोअरच्या दारात येऊन उभे राहतात आणि एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, तुम्ही काय भरलं?" काय भरावं, असं कोणी विचारत नाही. तेवढा वेळ कोणाला आहे?

भाऊ म्हणजे नवल भोळे, स्टोअर मॅनेजर, वय बावन्न, मूळचा पहूरचा. हेल्पर म्हणून लागला आणि एकोणतीस वर्षांत पाना-स्क्रूची एकेक फळी चढत मॅनेजर झाला. वीसेक वर्षांपूर्वी हिशेबाच्या गोंधळात अकरा जणांचा कर जास्त कापला गेला होता, तेव्हा यानं रविवार घालवून सगळ्यांचे रिटर्न भरले आणि दिवाळीच्या तोंडाला पैसे परत आणून दाखवले. त्या दिवसापासून नवलभाऊ म्हणतील ती पूर्व. दरवर्षी तो आपला फॉर्म भरायचा, कोणीतरी त्याच्या नावावर व्हाइटनर लावायचं, गेटसमोरच्या दुकानात झेरॉक्स निघायची आणि खाली ज्याची त्याची सही. याला तिथे 'नवलभाऊचा फॉर्म' असंच म्हणत. हे ऐकून नवल हात झटकायचा, पण चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते लपत नसे. माणसाला पगार एका ठिकाणी मिळतो आणि मान दुसऱ्या ठिकाणी. नवलला दोन्ही एकाच गेटच्या आत मिळत होते, नशीबवान.

या एप्रिलात नोटीस लागली. नव्या करारानुसार प्रत्येकाला मूळ पगाराच्या बारा टक्के रक्कम जास्त मिळणार होती आणि ती कशी घ्यायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. पर्याय 'अ' घेतला तर रक्कम कर लागण्याआधीच पेन्शनच्या खात्यात जाणार. आज कर नाही, पण साठीपर्यंत पैशाला हात लावायचा नाही. साठीला मोठा वाटा एकदम, बाकीच्याची महिन्याला पेन्शन, आणि त्या पेन्शनवर तेव्हा जो असेल तो कर. पर्याय 'ब' घेतला तर रक्कम पगाराबरोबर हातात. कर लागत असेल तर तो कापून, आणि मग तुमची मर्जी. पीपीएफमध्ये टाका, सोनं घ्या, नाहीतर भरीत-पुरी खाऊन संपवा. मुदत उलटली की दिलेला पर्याय नोकरी संपेपर्यंत बदलायचा नाही. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत, कारण रविवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती आणि आखाजीला खान्देशात कामाला माणूस सापडत नाही.

नवलनं सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कॅल्क्युलेटर घेतला. वर्षाला पावणेतेरा लाखांच्या आत पगार असला तर नव्या करपद्धतीत कर शून्य. त्याचा नव्या रकमेसकट साडेतेरा लाख होत होता. 'ब' घेतला तर चौऱ्याहत्तर हजार कर. 'अ' घेतला तर ब्याऐंशी हजार पेन्शनकडे वळत होते, पगार हद्दीच्या आत येत होता आणि कर एक रुपया नाही. आठ वर्षांची नोकरी शिल्लक, म्हणजे सहा लाखांच्या आसपास वाचणार होते. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. त्यानं 'अ'वर खूण केली. कोणी विचारलं तर एवढंच म्हणाला, "कर वाचतो." चार वाजेपर्यंत गेटसमोरच्या दुकानातला व्हाइटनर संपला होता.

बुधवारी एचआरच्या दिपमाला मॅडमनं त्याला बोलावलं. ही मुलगी धुळ्याची, एमबीए करून वर्षभरापूर्वी आलेली, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिच्या टेबलावर यादी होती. नवल धरून तेहतीस नावं, तेहतीस 'अ'.

"भाऊ, सल्ला द्यायची मला परवानगी नाही," ती म्हणाली. "फक्त विचारते. यातल्या किती जणांना कर लागतो?"

नवल यादीकडे बघत राहिला. निंबा, पाइपच्या एक्स्ट्रूडर मशीनवरचा, महिना चौतीस हजार. कुंदन, फोर्कलिफ्टवाला, अठ्ठावीस. पॅकिंगच्या बाया, एकोणीस-वीस. ओव्हरटाइम धरला, बोनस धरला, देवाची शपथ घेतली तरी कोणाचं वर्षाचं पाच लाखांच्या पुढे जाईना. कर कोणालाच लागत नव्हता. म्हणजे वाचवायला काही नव्हतंच. बत्तीस जण जो कर भरतच नव्हते तो वाचवण्यासाठी आपले पैसे साठीपर्यंत अडकवून बसले होते, आणि त्यातल्या एकानंही हे स्वतःच्या डोक्यानं केलं नसणार. निंबाचं घर पहूर रस्त्याला अर्धवट उभं होतं; त्याला दरमहाचे दोन हजार हातात मिळाले असते तर पावसाआधी स्लॅबची तरी व्यवस्था झाली असती.

म्हातारपणासाठी पैसे साठवणं वाईट नाही, हे कोणीही सांगेल. पण म्हातारपण म्हणून साठवणं वेगळं आणि भाऊनं केलं म्हणून साठवणं वेगळं. नवलच्या कानशिलाला घाम आला. कूलर समोरच चालू होता.

"शनिवारपर्यंत बदलता येतं," दिपमाला म्हणाली आणि कॉम्प्युटरकडे वळली.

बाहेर आल्यावर त्याच्या मनात पहिला विचार काय आला, हे सांगितलं पाहिजे, कारण माणूस चांगला होता. पहिला विचार असा आला की कोणाला कळणार आहे? साठीला अजून कोणाची दहा वर्षं, कोणाची पंचवीस. तोवर नवल रिटायर होऊन पहूरच्या पारावर बसलेला असेल. दुसरा विचार आला की ही धुळ्याची पोरगी उद्या कोणाजवळ तरी बोलली तर? वीस वर्षांचं नाव एका जेवणाच्या सुट्टीत मातीत जाईल. निंबाचा स्लॅब तिसऱ्या नंबरवर आला. आला हे खरं, पण तिसऱ्या नंबरवर.

गुरुवारी तो कँटीनमध्ये गेला. तो स्वतःहून कधी तिथे जात नसे, त्याचा डबा स्टोअरमध्येच असायचा, त्यामुळे सगळे वळून बघू लागले. त्यानं सांगितलं की मंडळी, माझ्याकडून चूक झाली, 'अ' तुमच्या कामाचा नाही, तुम्हाला करच लागत नाही, जाऊन 'ब' भरून द्या. कष्टानं तो 'चूक' हा शब्द बोलला आणि तो शब्द कोणी ऐकलाच नाही.

निंबानं भाकरीचा घास थांबवला. "भाऊ, तुम्ही तुमचा बदलला?"

नाही, माझं वेगळं आहे, मला कर लागतो, असं नवल म्हणाला. तिथेच सगळं फिसकटलं. म्हणजे जे भाऊला चांगलं ते आम्हाला नाही? आतापर्यंत तर भाऊचा फॉर्म सगळ्यांना चालत होता, आताच काय झालं? कुंदननं शेजाऱ्याला डोळा घातला. नवलनं कराचे स्लॅब समजावून सांगितले, हद्द समजावली, मग पेन्शनवरचा कर समजावला. जितकं समजावलं तितकी माणसं जास्त सावध झाली. दुपारपर्यंत अशी कुजबुज सुरू झाली की कंपनीला 'अ' महाग पडतोय, म्हणून मॅनेजरांना कामाला लावलंय, आणि नवलभाऊ कितीही झालं तरी आता मॅनेजरच. संध्याकाळी सुटताना दोघा-तिघांनी त्याला रामराम घातला नाही. एकोणतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

फॉर्म एकही बदलला नाही.

नवलला वाईट वाटलं आणि रागही आला. ज्यांच्यासाठी रविवार घालवले तेच आता आपल्याकडे संशयानं बघतात, म्हणजे कमालच. पण खोल आत त्याला हेही कळत होतं की चूक लोकांची नाही. वीस वर्षं त्यानं त्यांना हिशेब शिकवला नव्हता, आपला हिशेब दाखवला होता. आता ते त्याच्या तोंडाकडे कशाला बघतील? ते त्याच्या फॉर्मकडे बघणार.

शुक्रवारी घरी रत्ना बॅग भरत होती. रत्ना म्हणजे नवलची बायको, माहेर धुळ्याचं. आखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी जातात, आणि पन्नाशी आली तरी रत्नानं तो नेम मोडला नव्हता. भाऊ-भावजय अजून बोलावतात म्हणून जायचं, नाही बोलावलं तरी जायचं. नवलनं तिला सगळं सांगितलं आणि मग हळूच म्हणाला की आपला फॉर्म बदलला तर लोक ऐकतील.

किती जातील, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, वर्षाला चौऱ्याहत्तर हजार.

रत्नाच्या हातातली साडी तशीच राहिली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण रागावली की ती अजून अहिराणीवरच यायची. "तुमनं डोकं ठिकाणे शे ना?" ती म्हणाली.

मग तिनं शांतपणे मुद्दे मांडले, आणि मुद्दे एकाहून एक खरे होते. भूमिकाचं, म्हणजे मुलीचं, लग्न व्हायचं होतं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी दोन वर्षांवर ठेवलं होतं. लोकांना सांगायचं ते सांगून झालं, आता त्यांनी ऐकायचं की नाही ते त्यांचं. घोड्याला पाण्यापर्यंत नेलं, आता त्यानं तोंड लावलं नाही तर आपण डबकं प्यायचं का? नवल एवढंच म्हणाला की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. रत्ना म्हणाली, मग ठेवू दे की. त्याचे आपण पैसे द्यायचे असतात हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी तिला धुळ्याच्या बसमध्ये बसवून तो कंपनीत आला, दिपमालाच्या टेबलावर गेला, आपला फॉर्म मागितला, 'अ' खोडला, 'ब'वर खूण केली आणि सही केली. त्यानं तो फॉर्म झेरॉक्ससाठी स्वतः गेटसमोरच्या दुकानात नेला. दुकानदारानं विचारलं, "नाव झाकू का भाऊ?" नवल म्हणाला, राहू दे, दिसू दे.

त्यानंतर सांगण्यासारखं काही नाही. बाराच्या सुट्टीत निंबा आला, फॉर्म पाहिला, मान हलवली आणि गेला. एकपर्यंत रांग लागली. कुंदन म्हणाला, आधीच असं करून दाखवायचं होतं ना भाऊ, उगाच आमची झोप घालवली. चार वाजता, शिफ्ट सुटायच्या भोंग्याला, एकतीस फॉर्म बदललेले होते. परवा ज्यांनी रामराम टाळला त्यांनी आज दोनदा घातला. निंबानं तर सगळ्यांदेखत सांगितलं की भाऊ आहेत म्हणून आपण आहोत. नवलला बरं वाटलं, खूप बरं वाटलं. खिशातून दरवर्षी पाऊण लाख जाणार आहेत हे त्या क्षणी त्याच्या लक्षातही नव्हतं.

तो ऑफिसात गेला तेव्हा दिपमालानं यादी पुढे सरकवली. एक नाव राहिलं होतं. बेबाबाई, पॅकिंग. मग तिनं दरवाज्याकडे बघून आवाज खाली केला.

"भाऊ, सगळे घरी गेलेत. तुमचा परत 'अ' करायचा असेल तर पाचपर्यंत होतो. पण सोमवारी यादी बोर्डावर लागेल, ती मला थांबवता येणार नाही."

नवलनं तो विषय झटकला. सोमवारी बोर्डावर आपल्या नावापुढे 'अ' दिसला तर काय होईल हे त्याला दिसत होतं. लोक म्हणतील, आम्हाला बदलायला लावलं आणि स्वतः मागच्या दारानं परत शिरला. राहिलेली बाई तेवढी बघतो, असं म्हणून तो पॅकिंगकडे गेला.

बेबाबाई एक्कावन्न वर्षांची विधवा, तेवीस वर्षं पॅकिंगला. एकटीच थांबली होती. आखाजीच्या सुट्टीआधी टेबल पुसून, टेपचे रोल जागेवर ठेवून मगच ती जायची. नवलनं तिला घाईनं सांगितलं की पाऊण तास आहे, चल, तुझा फॉर्म राहिलाय, सगळ्यांनी बदलला.

"मी नाही बदलत, भाऊ," ती म्हणाली.

त्याला वाटलं तिला समजलं नाही. त्यानं पुन्हा सुरुवात केली, की तुला कर लागत नाही, तेव्हा 'अ' घेऊन काही वाचत नाही.

"ते मले माहीत आहे ना. पगाराच्या चिठ्ठीवर आयकराचा रकाना असतो. माझ्या रकान्यात तेवीस वर्षं शून्य आहे. जे कापतच नाहीत ते वाचीन कसं?" ती रोलवरची धूळ पुसत बोलत होती. "मी कर वाचवाले नाही भरला. किरणच्या रिक्षाले दोनदा माझं सोनं गेलं. पोरगा वाईट नाही, पण हातात असलं की मागतो, अन् मागितलं की मले नाही म्हणता येत नाही. साठीपर्यंत कोणालेच हात लावता येत नाही म्हणता, तर मले तेच पाहिजे होतं. मी काही तुमचं पाहून नाही भरला."

नवल टेबलाला टेकून उभा राहिला. तेहतिसात एकच माणूस असं निघालं ज्यानं नोटीस वाचली होती, आणि ते त्याला शेवटच्या पाऊण तासात सापडलं. आपण हिला ओढत न्यायला आलो होतो, हेही त्याच्या ध्यानात आलं.

"पण तुमचं कसं केलं तुम्ही?" बेबाबाईनं विचारलं. "तुम्हाले तर कर लागतो. तुमचा 'अ'च बरोबर होता ना?"

त्याशिवाय लोकांनी बदलला नसता, असं तो म्हणाला. त्याचा आवाज जरा मोठाच लागला.

बेबाबाईनं हातातला रोल जागेवर ठेवला. मग तिनं सरळपणे सांगितलं, जसं कोणी रस्ता विचारला तर सांगतात. "मंग जा, परत करून घ्या, अजून वेळ आहे. सोमवारी बोर्डाजवळ मी उभी राहते. एकेकाले त्याची चिठ्ठी काढायले लावते, शून्य दाखवते, अन् भाऊच्या चिठ्ठीवर शून्य नाही म्हणून त्याईचं वेगळं, असं सांगते. पॅकिंगच्या बाया माझ्याच टेबलावर जेवतात. निंबा माझ्या गावचा आहे, तोही ऐकीन. दोन दिवस बोंबलतील, मंग समजीन. पुढच्या साली जो तो आपलं आपण पाहीन, तुमच्या दारात यायचं कामच नाही."

नवलनं घड्याळ पाहिलं. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

बाई खरं बोलत होती. चिठ्ठीवरचं शून्य. त्यानं गुरुवारी कँटीनमध्ये स्लॅब सांगितले, हद्द सांगितली, नाही ते सगळं सांगितलं, पण चिठ्ठी काढा आणि रकाना बघा, हे सोपं वाक्य त्याला सुचलं नव्हतं. हिला सुचलं होतं. ही बोर्डाजवळ उभी राहिली तर लोकांना कळेल, यात शंका नव्हती. एकतीस जणांचं नुकसान तसंही टळलेलं होतं. आता फक्त ऑफिसपर्यंत चालत जायचं, शंभरेक पावलं, आणि सहा लाख परत. भूमिकाचं लग्न परत, गुडघा परत, रत्नाशी धड बोलायची सोय परत. त्याच्या बदल्यात काय जाणार होतं? स्टोअरच्या दारातली गर्दी. "भाऊ, तुम्ही काय भरलं?" हा प्रश्न. बस्स.

"राहू दे, बेबाबाई," तो म्हणाला. "आता झालं ते झालं."

"अहो, पण कायले?"

त्यानं तिला आखाजीच्या शुभेच्छा दिल्या, तिनंही दिल्या. तो ऑफिसकडे न जाता स्टोअरमध्ये आला आणि खुर्चीवर बसला. कपलिंगची खोकी मोजलेली होती, तरी त्यानं ती परत मोजली. ऑफिसच्या खिडकीत दिपमाला दिसत होती. तिनं एकदा मान वर करून इकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पावणेपाच झाले, पाचला पाच कमी झाले. कालपासून तो स्वतःला सांगत आला होता की हे पैसे आपण लोकांसाठी सोडतोय, आणि आता पाच मिनिटं उरली असताना त्याला ते सांगता येईना.

पाच वाजले. दिपमालानं कॉम्प्युटर बंद केला, यादीवर शिक्का मारला आणि दिवे घालवले. नवलला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा त्याला इतकी लाज वाटली की सगळे गेलेले असूनही तो गेटमधून मान खाली घालूनच बाहेर पडला.